तणमोर आणि वऱ्हाडचा माळ

वऱ्हाडचे जुने दोन भाग पडतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सखल, काळ्या मातीचा तो पयानघाट आणि त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा उंच प्रदेश तो बालाघाट. मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा, कारंजा आणि वाशीम हे तालुके या बालाघाटात किंवा त्याच्या उतारावर आहेत. गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांचे पाणी इथेच विभागले जाते. काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे जाते, तर अडाण आणि अरुणावती गोदावरीच्या खोऱ्याकडे वळतात. नद्यांच्या काठाला मातीचा थर जाड असतो, पण पाणलोटाच्या माथ्यावर तो वीतभरही नसतो आणि खाली लगेच मुरूम लागतो. अशा बरड जमिनीवर मोठी झाडे दाटीने उभी राहत नाहीत. मृगाचा पाऊस पडला की कुसळी, मारवेल, पवना, तिखाडी उगवतात. त्यांच्यामध्ये एखादी बोर, एखादा पळस, एखादा हिवर एवढीच झाडे असतात. हा उजाड झालेल्या जंगलाचा अवशेष नव्हे. गवताळ माळ ही स्वतंत्र आणि प्राचीन जीवसृष्टी आहे. ते ओळखण्यात राज्यकर्त्यांनी दीडशे वर्षे चूक केली आणि त्या चुकीची सर्वांत मोठी किंमत तणमोराने मोजली.

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला सर्वांत लहान पक्षी. उंची दीड फुटाच्या आसपास, वजन अर्धा किलोच्या आगेमागे, आणि मादी नरापेक्षा थोडी मोठी. हिंदी मुलखात त्याला खरमोर म्हणतात. एरवी तो मातकट रंगाचा असतो आणि गवतात पाच हातांवर उभा असला तरी दिसत नाही. आषाढात मात्र नराचे रूप पालटते. मान, छाती आणि पोट काळेभोर होते, पंखावर पांढरा पट्टा उठतो आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनी टोकाला रुंद झालेली लांब पिसे मागे झुलू लागतात. मग तो एक मोकळी जागा निवडतो आणि तिथून सरळ वर उडी घेतो. दीड-दोन मीटर उंच जाऊन पंख फडफडवतो, बेडकासारखा कर्कश आवाज करतो आणि पुन्हा त्याच जागी उतरतो. विणीच्या भरात तो दिवसाकाठी पाचशेपर्यंत उड्या मारतो. गवत कमरेपर्यंत वाढलेले असते, म्हणून मादीला आपण दिसावे यासाठी त्याला उडावेच लागते. मादी जमिनीवर, गवताच्या किंवा पिकाच्या आडोशाला तीन-चार अंडी घालते आणि तीन आठवडे एकटीच उबवते. नर त्यात काहीही मदत करत नाही. पोळ्याच्या आसपास पिल्ले गवतात फिरू लागतात आणि नाकतोडे, भुंगेरे, अळ्या खाऊन वाढतात. पावसाळा सरला की पक्षी पांगतात. आषाढ ते भाद्रपद या तीन महिन्यांत गवत शाबूत राहिले आणि अंड्यांवर पाय पडला नाही, तरच पुढची पिढी उभी राहते.

मोगल काळात बासीम, म्हणजे आजचे वाशीम, हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या ओढाताणीत हा मुलूख भरडला गेला आणि अनेक गावे ओस पडली. माणसे कमी आणि माळ अफाट, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. त्या माळावर बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांसह धान्य आणि मीठ वाहत. गवत हेच त्यांच्या वाहतुकीचे इंधन होते. मानोऱ्याजवळचे पोहरादेवी आजही बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान आहे. या प्रदेशाशी त्यांचे नाते किती जुने, ते यावरून कळते. गवळी आणि धनगर यांचेही कळप याच माळांवर जगत. कळप फिरते होते, त्यामुळे एका जागचे गवत खाल्ले की त्या जागेला विश्रांती मिळे. तणमोराला हवे असलेले मध्यम उंचीचे, फार दाट नाही आणि फार उघडे नाही असे गवत या चराईतून आपोआप तयार होत असे.

१८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि माळाच्या इतिहासाला वळण लागले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस थांबला आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडकडे वळल्या. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोहोचली. १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांखाली ओसाड गावेच्या गावे लागवडीच्या अटीवर इजाऱ्याने देण्यात आली. यवतमाळकडच्या कित्येक गावांच्या नावांना ‘इजारा’ हा शब्द आजही चिकटलेला आहे. सरकारच्या हिशेबात नांगराखाली न आलेली जमीन म्हणजे बुडालेला महसूल होता. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या ग्रंथात ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आहे. सामाईक कुरणे कापसाखाली गेली, गुरांचा चारा आटला आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याचे परिणाम माणसांनी आणि जनावरांनी भोगले. बंजाऱ्यांचा व्यवसाय रेल्वेने हिरावला. तांडे स्थिरावले आणि फिरती चराई संपत गेली.

जे माळ उरले त्यांना कागदावर नवी नावे मिळाली. १८८६ च्या वऱ्हाड वन कायद्याने सरकारी रानांचे तीन वर्ग पाडले. ‘अ’ वर्गात इमारती लाकडाची व सरपणाची राने, ‘ब’ वर्गात रमणे आणि गवताची राखीव कुरणे, आणि ‘क’ वर्गात गुरे चारण्याच्या जमिनी. वर्गवारीतला क्रमच बोलका आहे. लाकडाला पहिला मान, कापून विकता येणाऱ्या गवताला दुसरा आणि गावच्या चराईला तिसरा. तरी एका बाबतीत हा कायदा पुढच्या धोरणांपेक्षा बरा होता. गवताचे रान हा स्वतंत्र प्रकार आहे आणि ते राखायचे असते, एवढे तरी त्यात मान्य होते. रमण्यांतले गवत पावसाळ्यानंतर कापले जाई, म्हणजे तोवर तणमोराची वीण उरकलेली असे. पक्ष्याचा विचार कोणाच्याही मनात नव्हता, पण कापणीच्या वेळापत्रकाने त्याला नकळत आसरा दिला. पुढे महसूल खात्याकडे असलेल्या अशा गावजमिनी ‘ई-क्लास’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. वाशीम, अकोला, बुलडाणा, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांत आजही गावातला कोणीही ‘ई-क्लास’ कुठे आहे ते हात करून दाखवतो.

दुसरे संकट बंदुकीचे होते. इंग्रज शिकाऱ्यांना तणमोराचे मांस आवडे, आणि गवतावरून उडी घेणारा नर हे सोपे लक्ष्य होते. जेर्डन यांच्या १८६२-६४ मधल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात आणि ह्यूम व मार्शल यांच्या १८७९-८१ मधल्या शिकारीच्या पक्ष्यांवरील खंडांत या पक्ष्याची विस्तृत नोंद आहे. वर्षाच्या इतर महिन्यांत तो सापडत नाही, म्हणून शिकार नेमकी विणीच्या हंगामात होत असे. माळावरचे नर एकामागून एक टिपले जात आणि त्या वर्षीची वीण तिथेच संपे. १८८७ च्या कायद्याने विणीच्या काळात वन्य पक्ष्यांच्या विक्रीवर काही ठिकाणी बंधने आणली. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत तणमोराच्या गटाचे नाव आले आणि प्रांतिक सरकारांना बंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार मिळाला. रानात त्याची अंमलबजावणी करणारी माणसे मात्र नव्हती.

रानात माणसे होती ती फासेपारध्यांची. अकोला-वाशीमच्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या फिरणारा हा समाज बारीक फास लावून तितर, लावे, ससे आणि तणमोर धरत असे. तणमोर रोज त्याच जागेवरून उडतो आणि त्याच जागी उतरतो. ती जागा हेरली की फास मांडणे अवघड नव्हते. पण ती हेरण्यासाठी गवत, वारा, पाऊस आणि पक्ष्याचा स्वभाव यांचे जे ज्ञान लागे, ते कुठल्याही पुस्तकात नव्हते. इंग्रजी राजवटीने या ज्ञानाकडे पाहिलेच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि १९११ व १९२४ च्या त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी देशभरातल्या अनेक फिरत्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण पारध्यांवरचा संशय पुसला गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तणमोराला पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण दिले. ते आवश्यकच होते. त्याच कायद्याने पारध्याचा परंपरागत धंदा मात्र एका रात्रीत गुन्हा ठरला आणि त्याला दुसरा धंदा कोणी दिला नाही. माळाच्या सर्वांत जाणत्या माणसाला माळापासून तोडणारे संरक्षण अर्धेच राहते. पुढच्या तीस वर्षांनी ते दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर विदर्भ आधी मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सरकारे बदलली, पण माळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. अन्नधान्य वाढवण्याच्या मोहिमेत गायराने नांगराखाली आली. अनेक भूमिहीन कुटुंबांनी, त्यांत दलित आणि भटक्या समाजांची कुटुंबे मोठ्या संख्येने होती, गायरानावर शेती केली आणि महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी काही अतिक्रमणे नियमित केली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या वीतभर जमीन आली नव्हती, त्यांना दोन-चार एकर मिळणे हा न्यायच होता. माळाच्या ऱ्हासाचा दोष त्यांच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. मोठ्या बागायतदाराच्या जमिनीला हात न लावता गावाच्या सामाईक माळातूनच न्यायाचा हप्ता फेडण्याचा सोपा मार्ग शासनाने निवडला, खरी चूक ती आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी वाचवण्याचे आदेश दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने गायरान इतर कामांसाठी देण्यावर निर्बंध घातले. तोवर बराच माळ हातचा गेला होता.

उरलेल्या माळावर झाडे लावली गेली. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि गवताळ रान सरकारी भाषेत ‘पडीक’ ठरले. सामाजिक वनीकरणाने निलगिरी, सुबाभूळ आणि गिरिपुष्पाचे खड्डे माळावर खोदले, समतल चर काढले. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्राने दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत चढत जाणारी वृक्षलागवडीची वार्षिक उद्दिष्टे ठेवली. एवढ्या रोपांना जागा हवी होती, आणि गावोगाव सहज मिळणारी मोकळी जागा म्हणजे गवताचा माळ. झाड लावणे पुण्याचे आहे हा संस्कार इतका खोल आहे की चुकीच्या जागी लावलेले झाडही पुण्याचेच वाटते. तणमोराला झाडोऱ्यात नाचता येत नाही, शिकारी पक्ष्यांना झाडावर बसून टेहळणी करता येते, आणि दाट सावलीत कुसळी-मारवेल जगत नाही. चांगल्या हेतूने केलेल्या या कामाने माळ जितका मोडला, तितका तो बंदुकीनेही मोडला नसेल.

शेतीतही मोठा बदल झाला. एकेकाळी बालाघाटात ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद एकमेकांच्या सोबतीने असत. ज्वारीच्या आणि मुगाच्या शेतात, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतात तणमोराची मादी अंडी घाली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोयाबीन आले आणि वाशीम जिल्हा त्याचे आगरच बनला. पावसाळ्याच्या सुरुवातीला सोयाबीनचे शेत तणमोराला गवतासारखे वाटते आणि नर त्यात नाचतानाही दिसतात. पण तणनाशक व कीटकनाशकाच्या फवारण्यांनी त्यातले किडे संपतात, आणि पीक लवकर निघत असल्याने उशिरा झालेली वीण उघड्यावर पडते. शेतकऱ्याला पक्ष्याशी वैर नाही. बहुतेकांना आपल्या रानात असे घरटे आहे हे ठाऊकही नसते.

पक्ष्याचे काय झाले हे मोजायला बराच उशीर झाला. १९८० मध्ये जयपूरला माळढोक कुळातल्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली या पक्ष्यांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. त्यातून पुढे आलेले रवी शंकरन यांनी तणमोरासाठी आयुष्यातली कित्येक वर्षे दिली. १९८२ मध्ये देशातल्या तणमोरांची संख्या सुमारे ४,३७४ धरली गेली होती. दुष्काळी वर्षांनंतर १९८९ मध्ये शंकरन यांचा अंदाज १,६७२ वर आला. पाऊस बरा झाल्यावर १९९९ मध्ये तो ३,५३० पर्यंत चढला. संख्या पावसाबरोबर घटते आणि वाढते, पण गवत असेल तरच वाढते. पुढच्या वीस वर्षांत गवतच कमी झाले. २०१७-१८ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि इतरांनी केलेल्या सर्वेक्षणात विणीच्या क्षेत्रात सुमारे ३५६ नर असावेत, म्हणजे एकूण सातशेच्या आसपास पक्षी, असा अंदाज निघाला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत तणमोर ‘अतिसंकटग्रस्त’ या शेवटच्या पायरीवर गेला. राजस्थानातले अजमेर-भिलवाडा, गुजरातेतले सौराष्ट्र-कच्छ, मध्य प्रदेशातला माळवा आणि महाराष्ट्रात मुख्यतः अकोला-वाशीम हेच त्याचे प्रमुख विणीचे मुलूख उरले. डॉ. राजू कसंबे यांनी २०१० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या तणमोराचे सर्वेक्षण केले. त्यामुळे विदर्भातल्या या माळांकडे पक्षीतज्ज्ञांचे लक्ष अधिक वेधले गेले.

याच मुलखात या कथेतला सर्वांत आशेचा भाग घडला. कारंजा येथील ‘संवेदना’ या संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांचे सहकारी फासेपारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, काम करत होते. प्रश्न शिक्षणाचे होते, रेशनकार्डाचे होते, पोलिसांच्या जाचाचे होते. पारध्यांशी बोलताना तणमोराचा विषय निघाला, आणि कोणत्या माळावर नर नाचतो, कोणत्या गवतात मादी बसते, कोणत्या वर्षी पक्षी आले नाहीत, हे सगळे त्यांना तोंडपाठ असल्याचे दिसले. पक्षी कमी झाला हे त्यांना अहवाल वाचून कळले नव्हते. फास रिकामे येऊ लागले, तेव्हाच ते त्यांनी ओळखले होते. त्या संवादातून अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतल्या काही बेड्यांनी तणमोर न मारण्याचा आणि आपापला माळ राखण्याचा निर्णय घेतला. अकोला जिल्ह्यातले वडाळा हे त्यांतले सर्वांत ज्ञात गाव. पावसाळ्यात चराईबंदी, झाडांवर कुऱ्हाडबंदी, उन्हाळ्यात वणव्यावर नजर, आणि वीण उरकल्यावरच गवताची कापणी, असे नियम गावाने स्वतः ठरवले. गवत दाट झाले तसा चारा वाढला. कापलेल्या गवताला गिऱ्हाईक मिळाले, तसे माळ राखणे हे पोटापाण्याचेही काम झाले. तणमोरासोबत तितर, ससे आणि काळवीटही सुरक्षित झाले. शंभर वर्षे ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, ते आज या पक्ष्याचे सर्वांत भरवशाचे रखवालदार आहेत, पण त्या माळावरचा पक्का हक्क मिळवणे त्यांना सोपे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्काची तरतूद आहे. पण ई-क्लास महसुलाकडे आणि शेजारची जमीन वनखात्याकडे अशी स्थिती असल्याने एका माळासाठी दोन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

शासनाची राखीव क्षेत्रेही आहेत. १८ चौरस किलोमीटरांचे कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली काळविटांसाठी घोषित झाले आणि वाशीम-अकोल्याच्या सीमेवर काटेपूर्णा अभयारण्य आहे. मध्य प्रदेशाने १९८३ मध्ये सैलाना व सरदारपूर ही खास तणमोराची अभयारण्ये केली आणि आपल्या शेतातल्या पक्ष्याची माहिती देणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसेही दिली. पण हा पक्षी तीन महिने विखुरलेल्या माळांवर आणि शेतांत राहतो, मग दूर निघून जातो. त्याच्याभोवती कुंपण घालता येत नाही. आता त्याच माळांवरून नवी संकटे जात आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि तो कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. शेलूबाजारसारख्या गावांभोवती जमिनीचे भाव चढले आहेत. वीजवाहिन्यांना धडकून माळढोक कुळातले पक्षी मरतात, म्हणून वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांनी माळढोक आणि तणमोर या दोघांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०२१ चा आदेश आणि २०२४ मधली त्याची दुरुस्ती हे दोन्ही मुख्यतः राजस्थान-गुजरातपुरते राहिले. वऱ्हाडच्या माळाचा प्रश्न तिथे आलाच नाही.

मंगरूळपीर आणि आसपासच्या तालुक्यांत उरलेला माळ आता तुकड्यांत आहे, आणि तो राखायला फार पैसा लागत नाही. ई-क्लासवर खड्डे खोदण्यापूर्वी ग्रामसभेने तिथे कोणते गवत आहे आणि पावसाळ्यात कोणते पक्षी येतात हे गावातल्या पारध्यांना आणि गुराख्यांना विचारावे. महसूल खात्याने गवताळ रानाची ‘पडीक’ अशी नोंद थांबवून त्याला स्वतंत्र वर्ग द्यावा, जसा तो १८८६ मध्ये एकदा दिला होता. शेतकऱ्याने धुऱ्यावरचे गवत भाद्रपद संपेपर्यंत जाळू किंवा कापू नये, आणि सोयाबीन काढताना घरटे दिसले तर त्याभोवतीच्या पिकाच्या चार ओळी उभ्या ठेवाव्यात. वडाळ्याच्या बेड्यावरच्या माणसांनी सरकारी मदतीची वाट न पाहता हे सुरू केले. आता इतर गावांनीही ते करावे.